जुन्या कामगिऱ्यांची निवृत्ती

छापलेले पुस्तक जुने झाले म्हणून नाहीसे होत नाही. त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तरी आधीची आवृत्ती कोणाच्या तरी कपाटात किंवा वाचनालयाच्या फळीवर, धूळ खात का होईना, शिल्लक राहते. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून काय गाळले आणि काय घातले हे जिज्ञासूला पडताळून पाहता येते. गेल्या पाव शतकात मात्र करमणुकीचा एक असा प्रकार जगभर पसरला आहे की, त्याची साधारणतः एका वेळी एकच आवृत्ती अस्तित्वात असते, आणि तीही वाचकाच्या घरी नव्हे, तर प्रकाशकाच्या यंत्रात. हा प्रकार म्हणजे हजारो लोकांनी एकाच वेळी खेळावयाचे ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळ होत.

अशा खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक देशातील एखादे पात्र बनतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी शिकारी. वाटेत भेटणारी माणसे त्याला कामे सांगतात. हरवलेली वस्तू शोधून आणावी, निरोप पोहोचवावा, एखाद्या राक्षसाचा बंदोबस्त करावा, अशा स्वरूपाची ही कामे असतात. इंग्रजीत त्यांना क्वेस्ट म्हणतात. आपण कामगिरी म्हणू. देशाची कथा खेळाडूला कळते ती या कामगिऱ्यांतून, आणि त्याचे पात्र बलवान होते तेही बहुतांशी त्यांच्याच जोरावर. असे काही खेळ आज वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. इतक्या अवधीत आरंभीच्या कामगिऱ्या जुनाट वाटू लागतात आणि मालक त्यांना निवृत्त करतात. ही निवृत्ती कशी घडली आणि तिने कोणते प्रश्न उभे केले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये अँड्र्यू गोवर व त्याचा भाऊ पॉल यांनी ४ जानेवारी २००१ रोजी ‘रूनस्केप’ नावाचा खेळ लोकांसाठी खुला केला. त्या दिवशी त्यात अवघ्या सहा कामगिऱ्या होत्या. एकीत किल्ल्यातील स्वयंपाक्याला केकसाठी अंडे, दूध आणि पीठ आणून द्यावयाचे होते. दुसरीत फ्रेड नावाच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या कातरून लोकरीचे वीस गुंडे तयार करावयाचे होते. तिसरीत रोमिओ आणि ज्युलिएट यांचे निरोप इकडून तिकडे न्यावयाचे होते. रचना अगदी साधी, संवाद थोडके आणि विनोद बाळबोध. पुढे खेळ वाढत गेला, लेखक अनुभवी झाले, कथा दीर्घ आणि गुंतागुंतीच्या होऊ लागल्या. त्यातून एक विचित्र अडचण उद्भवली. ग्रंथकाराचे सर्वांत कच्चे लेखन त्याच्या पहिल्या पुस्तकात असावे, आणि प्रत्येक नव्या वाचकाला नेमके तेच पुस्तक प्रथम वाचावे लागावे, तशी ही स्थिती होती. नवागताला खेळाची ओळख होई ती त्याच्या सर्वांत दुबळ्या भागातून.

सप्टेंबर २०१० मध्ये रोमिओ-ज्युलिएटची कामगिरी खेळातून काढण्यात आली. तिच्या जागी एका बुटक्या कवीच्या प्रेमाची नवी कामगिरी घालण्यात आली. प्रेमकथेच्या जागी प्रेमकथाच आली आणि कारागिरी पाहता नवी निश्चितच सरस होती. मेंढ्या कातरण्याचे काम मुख्य यादीतून उतरवून किरकोळ कामांत जमा झाले. तरीही जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हळहळ वाटली. ज्या ओबडधोबड पायरीवरून ते लहानपणी या देशात प्रथम शिरले होते, ती पायरीच आता नव्हती.

याच वर्षी अमेरिकेत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाला होता. पुढे २००७ आणि २००८ साली त्यात नवे प्रदेश जोडले गेले आणि अनुभवी खेळाडूंची वस्ती तिकडे सरकली. जुने दोन भूखंड मात्र नवागतांसाठी जसेच्या तसे राहिले. तेथील कामगिऱ्या विखुरलेल्या होत्या; एका कामासाठी अर्धा देश पायी तुडवावा, पुन्हा परतावे आणि पुन्हा तिकडेच जावे, अशी कित्येकांची तऱ्हा होती. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख माइक मोरहाइम यांनी जाहीर केले की, खेळून पाहण्यासाठी येणाऱ्या नव्या लोकांपैकी दहाव्या पातळीपलीकडे जाणारे शेकडा ३० च्या आसपास आहेत. बाकीचे उंबरठ्यावरूनच परत फिरत होते. ज्या शाळेतून पहिल्याच इयत्तेत शेकडा ७० मुले गळतात, तिने आपले पहिले पुस्तक बदलू नये असे कोण म्हणेल? मालकांची बाजू समजून घेताना हा आकडा विसरता कामा नये.

दुसरे कारण कथेच्या ओघात होते. स्टॉर्मविंड या राजधानीत राजाच्या गैरहजेरीत दरबारावर पगडा बसवणारी एक सरदारीण वस्तुतः मनुष्यरूप घेतलेली ड्रॅगन आहे, हे उघड करणारी एक लांबलचक कामगिरी आरंभीच्या काळात गाजली होती. तुरुंगातून सुटलेला एक वृद्ध सेनानी भर रस्त्यातून राजवाड्याकडे चालत जाई, पहारेकरी त्याला सलामी देत आणि वाटेवरचे खेळाडू हातातले काम टाकून मागोमाग निघत. परंतु २००८ साली हरवलेला राजाच राजधानीत परत आला. राजा सिंहासनावर असताना त्याच्या गैरहजेरीतील कारस्थान उघडकीस कसे आणणार? कथा पुढे सरकली आणि त्या मिरवणुकीला जागा उरली नाही.

पुढे खेळाच्या सहाव्या वाढदिवशी, म्हणजे २३ नोव्हेंबर २०१० रोजी, दोन्ही जुन्या भूखंडांची पुनर्रचना झाली. एका प्रचंड राक्षसाच्या कोपाने पृथ्वी दुभंगली, अशी कथा योजण्यात आली होती. किनाऱ्यावरचे एक गाव उद्ध्वस्त झाले, एका दरीत समुद्राचे पाणी शिरले, बॅरन्स नावाचे विस्तीर्ण माळरान दुभंगून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. त्याबरोबर असंख्य जुन्या कामगिऱ्या एका दिवसात गेल्या.

त्यांपैकी एकीची कहाणी सांगण्याजोगी आहे. बॅरन्समधील क्रॉसरोड्स या ठाण्यावर मांक्रिक नावाचा एक लढवय्या उभा असे. लढाईच्या धुमश्चक्रीत त्याची पत्नी त्याच्यापासून दुरावली होती, आणि तिचा शोध घेण्याची विनंती तो येणाऱ्याजाणाऱ्याला करी. ती नेमकी कोठे सापडेल याचा उलगडा त्याच्या बोलण्यातून होत नसे. मग खेळाडू त्या प्रदेशातील सर्वांना दिसणाऱ्या गप्पांच्या चौकटीत एकमेकांना विचारीत, ‘मांक्रिकची बायको कोठे आहे?’ हा प्रश्न दिवसातून इतक्या वेळा विचारला जाई की, अखेर तो त्या खेळाच्या जगातली एक थट्टाच होऊन बसला. कोणी खरे उत्तर देई, कोणी मुद्दाम चुकवी, तर कोणी नव्या माणसाला हाताशी धरून तेथवर नेई. शेवटी माळावर तिचे प्रेत सापडे आणि ती वाईट बातमी घेऊन खेळाडू परत फिरे. कामगिरी म्हणून तिच्यात दोष होता, कारण तिच्या सूचना अपुऱ्या होत्या. परंतु त्या अपुरेपणामुळेच अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत होती. २०१० नंतरच्या रचनेत मांक्रिक भेटे, पण तो जुना शोध उरला नव्हता. नव्या कामगिऱ्या सुबक होत्या, मार्ग आखून दिलेला होता आणि कोणाला काही विचारण्याचे कारणच पडत नव्हते.

ऑक्टोबर २०१० मध्ये या खेळाचे वर्गणीदार एक कोटी वीस लाख असल्याचे कंपनीने सांगितले होते. वर्षभराने ती संख्या एक कोटी तीन लाखांवर आली. या घटीचे खापर केवळ जुन्या कामगिऱ्यांच्या निवृत्तीवर फोडणे अन्यायाचे होईल. तिची कारणे अनेक होती. पण जुन्या देशाची आठवण काढणारे लोक हळूहळू एकत्र येऊ लागले, हे मात्र खरे. मालकांनी जुनी आवृत्ती पुन्हा चालवावी, अशी मागणी होऊ लागली. २०१३ साली कंपनीच्या मेळाव्यात हा प्रश्न निघाला, तेव्हा जे. अ‍ॅलन ब्रॅक या अधिकाऱ्याने उत्तर दिले की, तुम्हांला ते हवे आहे असे तुम्हांला वाटते, पण वास्तविक तुम्हांला ते नको आहे.

मागणी करणाऱ्यांनी मग आपला मार्ग शोधला. ‘नोस्टाल्रियस’ या नावाने काही हौशी मंडळींनी २००७ पूर्वीच्या देशाची प्रतिकृती परवानगीवाचून उभी केली. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर १० एप्रिल २०१६ रोजी ती बंद पडली. त्या वेळी तिच्यावर दीड लाख लोक नियमित खेळत होते, असे चालकांनी सांगितले. पाठोपाठ दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीच्या प्रमुखांकडे गेला. कायदा कंपनीच्या बाजूने होता, परंतु एवढ्या लोकांची आठवण केवळ भ्रम आहे असे म्हणणे यापुढे कठीण झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुना खेळ पुन्हा आणण्याची घोषणा झाली, आणि ती करण्यासाठी त्याच ब्रॅक महाशयांना व्यासपीठावर यावे लागले.

येथे एका व्यवहारी गोष्टीने साऱ्या प्रकरणाला हात दिला. २००६ सालची माहिती कंपनीच्या संग्रहात शाबूत सापडली. जुनी आज्ञावली आधुनिक यंत्रणेत नीट चालेना, म्हणून कारागिरांनी जुनी माहिती नव्या आज्ञावलीवर बसवली. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस ‘क्लासिक’ या नावाने जुना देश उघडला, तेव्हा आत शिरण्यासाठी लोक तासन् तास रांगेत थांबले. मांक्रिक आपल्या जागी उभा होता. वृद्ध सेनानीची मिरवणूकही पुन्हा निघू लागली.

तथापि सर्वच परत आले नाही. आरंभीच्या काळात रॅग्नरोस नावाच्या अग्निदैत्याचा पहिला पाडाव होण्यास सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ साली तो आठवड्याच्या आत पडला. प्रत्येक कामगिरीचे उत्तर आता लिहून ठेवलेले होते. मांक्रिकच्या पत्नीचा पत्ता विचारणारा बहुधा गंमत म्हणूनच विचारी. ब्रॅक यांचे २०१३ चे उत्तर चुकले, कारण लोकांना जुना देश खरोखरच हवा होता. पण त्या उत्तरात सत्याचा एक अंश होता, हेही नाकारता येत नाही. कामगिरीचा अर्धा भाग मालकाच्या यंत्रात असतो. उरलेला अर्धा खेळणाऱ्यांच्या अज्ञानात, कुतूहलात आणि सोबतीत असतो. पहिला अर्धा जपून ठेवता येतो. दुसरा त्या त्या पिढीबरोबर संपतो, आणि फार तर त्याची आठवण लिहून ठेवता येते.

रूनस्केपच्या मालकांनी हा धडा आधीच घेतला होता. त्यांच्याकडे ऑगस्ट २००७ ची एक संपूर्ण प्रत जपलेली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी खेळाडूंचे मत मागविले, सुमारे साडेचार लाख लोकांनी कौल दिला आणि त्याच महिन्यात जुना खेळ स्वतंत्रपणे सुरू झाला. त्यात काही नवे घालावयाचे तर आधी खेळाडूंचे मत घ्यावे आणि शेकडा ७५ मते अनुकूल पडली तरच ते घालावे, असा दंडकही घातला गेला. पुढे ही अट थोडी सैल झाली. रोमिओ आणि ज्युलिएट तेथे अद्याप निरोप्याची वाट पाहत असतात.

जपानी ‘फायनल फँटसी चौदा’ या खेळाने आणखी वेगळी वाट धरली. नाओकी योशिदा यांच्या नेतृत्वाखाली २०१३ साली तो नव्या रूपात सुरू झाला. त्याची मुख्य कथा क्रमानेच पुरी करावी लागते, आणि त्यामुळे नवा खेळाडू पुढील गाजलेल्या भागांपर्यंत पोहोचण्याआधीच थकू लागला. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी आरंभीच्या कथाभागातील सुमारे शेकडा १३ कामगिऱ्या कमी केल्या, काही आटोपशीर केल्या, पण कथेचा कणा कायम ठेवला. आपल्याकडे रात्रभर रंगणारी जुनी संगीत नाटके पुढे पदे कमी करून तीन तासांत बसविण्यात आली. जाणकारांनी त्या काटछाटीवर वाद घातले, परंतु त्यामुळेच ती नाटके नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. या जपानी काटछाटीची जात तीच आहे.

या तीन उदाहरणांतून एवढे दिसते की, जुन्याची निवृत्ती हा काही अपराध नव्हे. जे शिकणाऱ्याला दारातूनच परतवते, ते बदललेच पाहिजे. परंतु निवृत्त करणे आणि नष्ट करणे यांत अंतर आहे. २००६ आणि २००७ सालच्या प्रती त्या कंपन्यांच्या संग्रहात उरल्या नसत्या, तर लाखो सह्या आणि लाखो मते असूनही जुने देश असे पुन्हा उघडता आले नसते. काढून टाकलेल्या कामगिऱ्यांचे संवाद आणि नकाशे खेळाडूंनी चालविलेल्या ऑनलाइन कोशांत आज वाचावयास मिळतात. हे काम बव्हंशी बिनपगारी माणसांनी केले आहे. उद्या कोणी या काळातील करमणुकीचा इतिहास लिहावयास बसला, तर मांक्रिक कोण होता आणि त्याच्या पत्नीचा शोध एवढ्या लोकांनी का घेतला, हे त्याला या नोंदींतूनच कळेल.