कॉम्प्युटर
लॅटिन ‘कोम्पुतारे’ म्हणजे एकत्र मोजणे. आपला ‘संगणक’ही ‘गण्’ म्हणजे मोजणे या धातूवरूनच. पण इंग्रजीतला ‘कॉम्प्युटर’ कितीतरी काळ आकडेमोड करणारा माणूस होता, आणि पुढे बहुधा बाईच. (पगार कमी, हे ओघानेच आले.)

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या, पुढे नासाच्या झालेल्या लँग्ली प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय ‘कॉम्प्युटर’ बायकांचा कक्ष वेगळा, जेवणाचे टेबलही वेगळे. १९४९ मध्ये त्यांच्या प्रमुख झालेल्या डोरोथी व्हॉन यांनी माणसांची जागा घेणाऱ्या यंत्राची चाहूल ओळखली, स्वतः फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या आणि सहकाऱ्यांनाही शिकवली. हा खरा पाठिंबा! त्याच कक्षातल्या मेरी जॅक्सन यांना तर अभियंता होण्यासाठी गोऱ्यांच्या शाळेत भरणाऱ्या वर्गांना बसण्यासाठी खास परवानगी काढावी लागली. १९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या.