घडीत गेलेलं नाक

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या वार्षिकांकात मी एक स्प्रेड केला होता. स्प्रेड म्हणजे अंक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं. विषय होता वर्कशॉपचे मामा. त्या वर्षी ते रिटायर होणार होते. लेथवर वाकलेले मामा, असा एक मोठा फोटो मी दोन्ही पानांवर आडवा पसरला. लॅपटॉपवर झकास दिसत होता.

अंक छापून आला तेव्हा मामांचं नाक घडीत गेलं होतं.

मामांनी दोन्ही अंगठ्यांनी पानं दाबून अंक सपाट करायचा प्रयत्न केला. गोंद करकरला आणि एक पान सुटून हातात आलं. "राहू दे रे, ओळखू येतोय की मी," म्हणाले.

चूक प्रेसची नव्हती, माझी होती. स्क्रीनवर दोन पानं म्हणजे एक सलग आयत. कागदावर तसं नसतं. जाड अंक गोंदाने बांधतात. त्याआधी पानांची कडा खरवडतात, आणि नंतर तो अंक कधीच पूर्ण सपाट उघडत नाही. मधली पट्टी दोन्ही बाजूंनी गिळली जाते. पिना मारलेल्या पातळ अंकातही गंमत आहे. 32 पानी अंकात 12 आणि 13 ही पानं शेजारी दिसतात, पण 12 छापलं जातं 21 च्या जोडीला आणि 13 असतं 20 च्या जोडीला. एकाच कागदावरची सलग जोडी फक्त मधली, 16 आणि 17. बाकी सगळे स्प्रेड म्हणजे दोन अनोळखी कागदांची गाठ.

हे सगळं कळल्यावर मी शोधत गेलो की दोन पानं मिळून एक चित्र, हा विचार गाजवला कुणी? तिथे अलेक्सी ब्रोडोविच भेटला. जन्म 1898, रशियातला. क्रांतीनंतर निर्वासित होऊन पॅरिसला आला, तिथे रशियन बॅलेसाठी पडदे रंगवले. 1930 मध्ये अमेरिकेला गेला. 1934 मध्ये 'हार्पर्स बझार'ची संपादक कार्मेल स्नो हिने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचं काम पाहिलं आणि त्याला आर्ट डायरेक्टर केलं. तिथे तो 1958 पर्यंत होता.

तेव्हाच्या अनेक मासिकांत फोटो म्हणजे चौकटीत टांगलेली तसबीर असायची. ब्रोडोविचने चौकट काढली. फोटो कापले, पानाच्या कडेपर्यंत नेले. एका पानावर बाई वळली असेल, तर समोरच्या पानावर मजकुराचा रकानाही तसाच वळायचा. आणि भरपूर पांढरी जागा रिकामी सोडायची. एकाच फोटोच्या लहानमोठ्या प्रती काढून तो जुळवून बघायचा. मग सगळे स्प्रेड जमिनीवर ओळीने मांडायचा. एक पान शांत, पुढचं गजबजलेलं, असा ताल धरायचा.

पण मला त्याचा वर्ग जास्त भावला. 1933 मध्ये फिलाडेल्फियात त्याने 'डिझाइन लॅबोरेटरी' सुरू केली. अर्व्हिंग पेन आणि रिचर्ड ॲव्हेडॉन हे पुढे नावाजलेले फोटोग्राफर त्याचे विद्यार्थी. तो नियम शिकवायचा नाही. विद्यार्थ्यांनी काम करून आणायचं, सगळ्यांसमोर ठेवायचं, आणि तो त्याची पिसं काढायचा. आधी पाहिलेलं काही पुन्हा आणलंत तर ते त्याला चालायचं नाही.

माझ्या कामाची पिसं छापण्याआधी कुणी काढली नाहीत, कारण मी ते कुणाला दाखवलंच नव्हतं. आज कंपनीत ॲप बनवताना आम्ही ते लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये चालवून थांबत नाही. स्वस्तातला, स्क्रीन तडकलेला खरा फोन हातात घेऊन बघतो. कागदाची टेस्टिंगही इतकीच सोपी होती. दोन प्रिंट काढायच्या, एखाद्या जाड पुस्तकात समोरासमोर चिकटवायच्या आणि पुस्तक उघडून बघायचं. दहा मिनिटांचं काम.

तुमच्या प्रोजेक्टला स्प्रेड आला असेल तर एवढं करा. चेहरा एका पानावर घ्या. घडीवर लेथचा बेड येऊ दे, भिंत येऊ दे, आकाश येऊ दे.

मामांना मी नंतर तो फोटो वेगळा, मोठा छापून दिला. नाकासकट. पण अंकात ते अजूनही तसेच आहेत.