लहान मुलांमधील क्षयरोगाच्या प्रयोगशाळा चाचण्या

बालकाला क्षयरोग झाला आहे किंवा कसे, आणि झाला असल्यास त्याचे जंतू कोणत्या औषधाला दाद देतील, हे ठरविण्यासाठी केल्या जाणाऱ्या तपासण्यांना क्षयरोगाच्या प्रयोगशाळा चाचण्या म्हणतात. क्षयरोग 'मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस' या जिवाणूमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे १ कोटी ६ लाख लोकांना हा आजार झाला व त्यांत १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. प्रौढांसाठी विकसित झालेल्या चाचण्या मुलांमध्ये अनेकदा अपुऱ्या पडतात, म्हणून बालक्षयाचे निदान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला जातो.

निदानातील अडचणी

मुलांच्या फुप्फुसांत क्षयजंतूंची संख्या प्रौढांच्या तुलनेने फार कमी असते. प्रौढांप्रमाणे फुप्फुसात पोकळी होऊन जंतू मोठ्या प्रमाणात बेडक्यात उतरणे हे लहान मुलांत क्वचितच घडते. शिवाय पाच-सहा वर्षांखालील मुलांना खोकून बेडका बाहेर टाकता येत नाही. ती तो गिळून टाकतात. मुलांमध्ये लसिका ग्रंथी, मेंदूची आवरणे, हाडे अशा फुप्फुसाबाहेरील अवयवांचा क्षयही तुलनेने अधिक आढळतो. वजन न वाढणे, रेंगाळणारा ताप व खोकला ही लक्षणे कुपोषण किंवा न्यूमोनियातही दिसतात. त्यामुळे अनेक बालरुग्णांचा आजार वेळेवर ओळखला जात नाही.

इतिहास

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. १८९० मध्ये त्यांनी क्षयावरील उपाय म्हणून 'ट्युबरक्युलिन' हा पदार्थ पुढे आणला. औषध म्हणून तो निरुपयोगी ठरला, परंतु निदानासाठी उपयोगी पडला. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये ट्युबरक्युलिनची त्वचा-चाचणी मांडली, तर फ्रेंच वैद्य शार्ल मांटू यांनी १९०८ मध्ये ते त्वचेच्या थरात टोचण्याची पद्धत सांगितली. तीच आज 'मांटू चाचणी' या नावाने ओळखली जाते.

नमुने घेण्याच्या पद्धती

जठरातील द्रव : रात्रभर गिळलेला बेडका पहाटे जठरात साठलेला असतो. म्हणून मूल उपाशीपोटी असताना, अंथरुणातून उठण्यापूर्वी, नाकातून नळी घालून हा द्रव काढतात. जठरातील आम्लामुळे जंतू मरू नयेत म्हणून नमुना सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करतात. सामान्यतः लागोपाठच्या दिवशी एकाहून अधिक नमुने घेतले जातात.

प्रवर्तित बेडका : श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन नंतर मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफ हुंगवितात. त्यामुळे बेडका सुटतो व तो शोषून घेता येतो. या पद्धतीत संसर्ग पसरू नये म्हणून हवेशीर जागा आवश्यक असते.

विष्ठा : गिळलेल्या बेडक्यातील जंतूंचे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या विष्ठेची जनुकीय चाचणी मान्य केली. यात मुलाला नळी घालावी लागत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

याखेरीज नाक-घशातील स्राव, सुजलेल्या गाठीतून सुईने काढलेला अंश आणि मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचा संशय असल्यास मणक्यातून काढलेले पाणी तपासले जाते.

जंतू शोधणाऱ्या चाचण्या

सूक्ष्मदर्शक तपासणी : झील-नील्सन पद्धतीने रंगविलेल्या काचपट्टीवर जंतू पाहतात. जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर नमुन्यात त्यांची संख्या साधारण ५,००० ते १०,००० असावी लागते. मुलांच्या नमुन्यात ती बहुधा नसते.

संवर्धन : पोषक माध्यमात जंतू वाढवून पाहण्याची ही पद्धत अधिक संवेदनशील आहे. मात्र अंड्यावर आधारित लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात निकालास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. द्रव माध्यमात हा कालावधी कमी होतो.

जनुकीय चाचण्या : जंतूच्या डीएनएचा अंश अनेक पटींनी वाढवून तो ओळखतात. 'जीनएक्स्पर्ट' यंत्रावर दोन तासांच्या आत निकाल मिळतो व रिफाम्पिसिन या औषधाला होणारा प्रतिरोधही कळतो. गोव्यातील मोलबायो कंपनीची 'ट्रुनॅट' ही चाचणी बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्रावर होते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ती शक्य होते. २०२० मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

लागण दर्शविणाऱ्या चाचण्या

मांटू चाचणीत हाताच्या पुढील भागावर ट्युबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी गाठीची रुंदी मोजतात. मोजायची असते ती त्वचेची कठीण झालेली जागा. भोवतालचा लालसरपणा नव्हे. सामान्यतः १० मिलिमीटर किंवा अधिक गाठ सकारात्मक धरतात. एचआयव्हीबाधित मुलांत ५ मिलिमीटरही पुरेशी मानतात. बीसीजी लसीमुळे ही चाचणी क्वचित चुकीने सकारात्मक येते, तर तीव्र कुपोषणात लागण असूनही नकारात्मक येऊ शकते. रक्तावर होणाऱ्या 'इग्रा' चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. मात्र दोन्ही चाचण्या केवळ लागण झाल्याचे सांगतात. आजार जडला आहे की नाही, हे त्यांवरून ठरत नाही.

रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नसल्याने २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या न वापरण्याचा सल्ला दिला आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

निकालाचा अर्थ

जंतू सापडल्यास निदान निश्चित होते; परंतु ते न सापडल्यास क्षयरोग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक बालरुग्णांत सर्व तपासण्या करूनही जंतू मिळत नाहीत. म्हणून लक्षणे, छातीचे क्ष-किरण चित्र, वजनाची नोंद आणि घरातील क्षयरुग्णाशी आलेला संपर्क यांचा एकत्रित विचार करून उपचाराचा निर्णय घेतला जातो. दहा वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा निर्णयाच्या पायऱ्या सुचविल्या. दोन वर्षांखालील मुलांत लागणीनंतर आजार झपाट्याने बळावून मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. त्यामुळे संशय बळकट असल्यास केवळ प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहत उपचार लांबविले जात नाहीत.