नगरचा दमा आणि दप्तराबाहेरच्या बायका

बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयास राहून रुस्तुम जुर्जानी या हकिमाने ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा औषधिविषयक फार्सी ग्रंथ सिद्ध केला, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १९१७ साली, त्याच अहमदनगर शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. तेव्हा ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात त्या मुलखात वैद्यकाची उपेक्षा झाली, असे कोणास म्हणता येणार नाही. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगून त्यांतील तमकश्वास ढगाळ हवेने, थंडीने व पूर्वेच्या वाऱ्याने बळावतो आणि रोग्यास आडवे होण्यापेक्षा उठून बसल्याने सुख वाटते, असे जे वर्णिले आहे, ते वाचताना आपल्याच आळीतील एखादा दमेकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हा रोगी बहुधा पुरुषच असतो, हे वाचकाच्या सहसा ध्यानी येत नाही.

नगरच्या इतिहासातला सर्वांत विख्यात दमेकरीही पुरुषच. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने काँग्रेसचे जे पुढारी येथील भुईकोट किल्ल्यात आणून ठेविले, त्यांत जन्मभर दम्याने गांजलेले आचार्य नरेंद्र देव होते. धाप सांभाळीत त्यांनी त्या बंदीवासात ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतराचे काम चालविले. त्यांच्या श्वासाची वार्ता इतिहासाने जपली. किल्ल्याबाहेरच्या खेड्यांत मात्र चुलीपुढे भाकरी थापता थापता जिची छाती भरून येई, त्या सुनेची दखल कोणत्या दप्तराने घेतली? धूर लागला, बाहेरचे काही झाले, नाहीतर कामाचा कंटाळा आला, एवढ्यावर तिची वासलात लागे. आणि धाप पाळीच्या आधल्या दिवसांत वाढते हे तिला उमगले असले, तरी ते बोलायचे कोणाजवळ?

न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या वैद्याने १९३१ साली पाळीपूर्वीच्या विकारांवर लेख लिहिला, त्यात पाळीच्या आधी दमा उसळणाऱ्या स्त्रीचाही वृत्तांत होता. दम्याची बाल्यात मुलींपेक्षा मुलग्यांवर अधिक वक्रदृष्टी असते. वयात आल्यावर हे पारडे फिरते आणि प्रौढांत स्त्रियाच अधिक पिडल्या जातात. याच्या कारणांचा एक धागा श्वासनलिकेला वेढणाऱ्या अनैच्छिक स्नायूपर्यंत जातो. त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरले की स्नायू आवळतो आणि वाट अरुंद होते. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव कॅल्शियमचा हा ओघ रोखून स्नायू सैल करतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. इस्ट्रोजेनचे वर्तन इतके सरळ नाही: पेशीवर त्याचे अल्फा व बीटा असे दोन ग्राहक असून बीटाच्या द्वारे स्नायू शिथिल होतो, तर दाह झालेल्या नलिकेत अल्फाच्या द्वारे आकुंचनास बळ मिळते; म्हणजे एकच द्रव्य प्रसंगपरत्वे उपकारक व अपकारक ठरते. प्रोजेस्टेरॉनही स्नायू सैल करते खरे, परंतु कफ वर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांची गती ते मंदावते. गरोदरपणात दमेकरी स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांशांना उतार पडतो, तितक्याच जणींचा त्रास वाढतो आणि उरलेल्यांत फरक पडत नाही, हा जुना ठोकताळा या गुंतागुंतीशी विसंगत नाही.

दवाखान्यातील केसपेपरावर वय आणि लिंग यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी पाळीची तारीख लिहून धापेच्या दिवसांशी ती ताडून पाहावयास फार तर एका ओळीची जागा लागेल.