टपावरचं सामान : रात्री साडेदहा ते सकाळी आठ त्रेपन्न

मेच्या अखेरीस पुण्या-मुंबईच्या गाड्या काजवे बघायला भंडारदऱ्याकडे सुटतात. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि टपावर तंबू, गाद्या, खुर्च्या. खाली जिची हकिकत दिली आहे ती गाडी, तिच्यातली माणसं आणि घड्याळातल्या वेळा मी जुळवलेल्या आहेत. दोरी, पाऊस आणि वारा मात्र असेच वागतात. म्हणूनच हा क्रम मांडावासा वाटला.

रात्री १०:३०. कोथरूड, सोसायटीचं पार्किंग

सकाळी घाई नको म्हणून सामान रात्रीच चढवायचं ठरतं. सात जणांची गाडी, सातही जागा भरलेल्या, त्यामुळे डिकी नावापुरतीच. टपावर जातं ते असं : तंबू १० किलो, घडीचं टेबल आणि चार खुर्च्या १८, कापसाच्या दोन गाद्या १६, पाण्याचा वीस लिटरचा कॅन २०, कोळशाचं पोतं १०. कॅरिअरचं स्वतःचं वजन ८. बेरीज ८२.

या गाडीच्या टपाची मर्यादा ७५ किलो आहे. ती पुस्तिकेत छापलेली आहे आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. बहुतेक मोटारींची मर्यादा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि तिच्यात कॅरिअरचंही वजन धरायचं असतं. शिवाय कित्येक गाड्यांच्या टपावरच्या लांब पट्ट्या निव्वळ शोभेच्या असतात, भार घेण्यासाठी नसतात. हे विकत घेताना कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

रात्री ११:१०

ताडपत्री टाकली. बांधायला गच्चीवरची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली. दोन-तीन उन्हाळे उन्हात काढलेली दोरी दिसायला धड असते. बोटांत घेऊन पिळली की मात्र पांढरा भुसा सुटतो. उन्हानं तिचे तंतू कुजलेले असतात. इथे कोणी पिळून बघितली नाही. कॅरिअरचा आडवा बार जिथे कापलेला आहे तिथे पत्र्याची धार तशीच आहे आणि दोरीचा मुख्य वेढा नेमका त्या धारेवरून गेला आहे. पुढच्या बाजूला दोरी पुरली नाही. तिथे रबरी हुकाच्या दोन दोऱ्या अडकवल्या.

रबर ताणलं जातं, आणि जे ताणलं जातं ते धरून ठेवत नाही. असल्या दोऱ्या सायकलच्या कॅरिअरवर डबा बसवायला ठीक आहेत, ताशी ऐंशीच्या वाऱ्यासमोर नाहीत. एकाला शंका आलीही होती. त्याला उत्तर मिळालं, "भाऊजी, हत्ती बांधला तरी सुटणार नाही."

रात्री १:४०

वळीव कोसळला. पाऊण तास.

सगळं बिघडलं ते इथे. ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचलं आणि शिवणीतून खाली झिरपलं. गाद्या प्यायल्या. नायलॉनचा गुणच असा की ते पाणी शोषतं, ओलं झालं की जास्त ताणलं जातं आणि त्याची ताकदही थोडी घटते. गाठ होती तशीच राहिली, दोरी मात्र सैल पडली. पॉलिएस्टरचा पट्टा असा सैलावत नाही, म्हणून टपासाठी तोच घ्यावा. आणि गाद्या किंवा तंबू ताडपत्रीच्या भरवशावर सोडू नये. प्रत्येक वस्तू आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड घट्ट बांधावं, मग वर चढवावी.

पहाटे ५:३०

निघाले. अंधार होता आणि स्टूल वर घरात ठेवलेलं. टपाकडे कोणी हात लावला नाही. आता वर नव्वद किलोंच्या पुढे भार आहे.

सकाळी ६:२०. चाकण

वाहतूक तुंबलेली. गाडी रांगत असल्यामुळे काहीच जाणवत नाही. टपावर सामान बांधल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे असतात, कारण हादऱ्यांनी सामान बसतं आणि दोरीला ढील मिळते. ती वेळ इथेच येऊन गेली.

सकाळी ७:२५. नारायणगाव

मिसळ. शेजारी टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊन गाडीभोवती हिंडला आणि म्हणाला, "साहेब, ताडपत्रीचं पुढचं टोक उघडं राहिलंय. आत दुमडून आवळून घ्या." उत्तर आलं, "हो दादा, आता संगमनेरला थांबतोच आहोत."

ज्या माणसाचं पोट रोज बांधलेल्या मालावर चालतं, त्याचा हा सल्ला होता. त्यानं सांगितलेलं काम पाच मिनिटांचं होतं. मला या साऱ्या क्रमात सर्वांत जास्त टोचतो तो हा क्षण.

सकाळी ८:१०. आळेफाटा मागे पडला

रस्ता मोकळा झाला, वेग ऐंशीवर गेला. टपावर फटाक फटाक सुरू झालं. गाण्यांचा आवाज वाढवला गेला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० ला एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलो भाराएवढा दाब येतो, ताशी १०० ला ४७ किलोंएवढा. दरम्यान पत्र्याची धार प्रत्येक हादऱ्याला दोरीवरून फिरते आहे. दोरीचे पीळ एकेक करून तुटताहेत.

सकाळी ८:३५

फटफट थांबली. आत बसलेल्यांना बरं वाटलं. खरं तर पुढच्या उघड्या टोकातून आत शिरलेल्या वाऱ्यानं ताडपत्री शिडासारखी फुगली होती आणि ताणलेलं कापड फडफडत नाही. टपावरचा आवाज बदलला, वाढला किंवा एकाएकी बंद झाला तर गाडी बाजूला घ्यावी, याला अपवाद नाही.

सकाळी ८:४९. चंदनापुरी घाट, उतार

पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, यांनीही जोरात मारला. सामान हातभर पुढे सरकलं, कारण त्याला पुढे जाण्यापासून अडवणारं तिथे रबरच होतं. मागच्या वेढ्याला आणखी ढील मिळाली. वीस किलोंचा पाण्याचा कॅन सर्वांत वर होता, तो कलंडला. खरं तर त्याची जागा गाडीच्या आत, खाली, सीटला टेकून.

सकाळी ८:५३

घाट संपला, वेग नव्वद. फुगलेल्या ताडपत्रीची पुढची बाजू दीड चौरस मीटर धरली, तर तिच्यावर आता पन्नास किलोंहून अधिक जोर होता. धारेवरची दोरी तुटली. टेबल, ताडपत्री आणि एक गादी मागच्या बाजूला उडाली.

पंचवीस मीटर मागे मोटारसायकलवर एक जोडपं होतं. नव्वदच्या वेगाला पंचवीस मीटर म्हणजे एक सेकंद. टेबल पुढच्या चाकाशी आदळलं. चालवणाऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं, मागे बसलेली बाई दुभाजकाजवळ फेकली गेली. गाडीतल्या सातांपैकी कोणाला खरचटलंही नाही.

काजवे बघायला निघणार असाल तर आज एवढं करा. पुस्तिकेतली टपाची मर्यादा वाचा आणि सामान वजनकाट्यावर घाला. बकलवाले पॉलिएस्टरचे पट्टे घ्या, ते आडव्या बारांना बांधा आणि त्यांना कुठेही धार लागू देऊ नका. पुढून आणि मागून एकेक पट्टा गाडीच्या टोइंग हुकापर्यंत न्या. आणि नारायणगावला मिसळ मागवायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा, प्रत्येक पट्टा हातानं ओढून बघा. शेजारचा टेम्पोवाला काही म्हणाला तर तिथल्या तिथे ऐका.