मेक डू

मेक डू (इंग्रजी वाक्प्रयोग) : हवी ती वस्तू मिळत नसताना हाताशी असेल त्यावर भागवणे. ‘पुट अप विथ’ याच्या जवळचा, पण तिथे माणूस निमूटपणे खपवून घेतो. ‘मेक डू’ करणारा काहीतरी जमवाजमव करतो. पुढे ‘विथ’ लावून कशावर भागवले ते सांगतात. लोणी नाही, मग मार्गारीनवर.

ब्रिटनमध्ये हा प्रयोग सरकारी फलकांवर चढला तो दुसऱ्या महायुद्धात. १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ६६ कूपने मिळाली. त्यांतली २६ पुरुषाच्या एका थ्री-पीस सुटातच खर्ची पडत. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली. रफू कसे करावे, लोकरीला कसर लागू नये म्हणून काय करावे, जुन्या कपड्यांतून नवे कसे बेतावेत, असा सगळा संसारी मजकूर तीत होता. अर्थात, ज्यांच्याकडे मुळातच दोन जोड कपडे, त्यांना ठिगळ लावायला सरकारने शिकवायची गरज नव्हती.

पँटच्या दुमडीची गोष्ट तर खासच. कापड वाचावे म्हणून १९४२ मध्ये पुरुषांच्या पँटला खाली दुमड घालायला बंदी झाली. त्यावर लोकांनी तोड काढली : मुद्दाम लांब पँट विकत घ्यायची आणि घरी दुमडून शिवायची. नियम पाळला गेला, कापड काही वाचले नाही! ती बंदी १९४४ मध्ये उठली. कपड्यांचे रेशनिंग मात्र मार्च १९४९ पर्यंत चालले.