दस्तक, पास आणि पासपोर्ट

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे चाळली, की जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पुन्हा पुन्हा भेटते. पोर घरी जन्मलेले, तारखेची नोंद कुठेच नाही. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून गुरुजींनी वय अंदाजाने धरले आणि हिशेबाला सोपी तारीख लिहून टाकली. पुढे त्या पोराचा गळा तयार झाला आणि परदेशातल्या गायन शिबिराचे बोलावणे आले, तर तयारी या रकान्यापासूनच सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार जुळला नाही, तर फाइल पुढे सरकत नाही.

वाटेवर कागद दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत वाटसरू दस्तक किंवा राहदारीचा परवाना जवळ बाळगत. बरोबर माणसे किती, जनावरे किती, सामान काय, हे चौकीवर त्यावरून कळे आणि वाट मोकळी होई. असा कागद मिळणे ही सरकारची मेहेरबानी असे.

इंग्रजी अमलात याच कागदाचे एक क्रूर रूप आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. गाणे-नाचणे, कसरती यांवर जगणारे समाजही त्यातून सुटले नाहीत. हजेरी द्यायची, आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर जायचे तर पास घ्यायचा. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ज्यांची कला फिरण्यावरच उभी होती, त्यांना फिरण्यासाठी पोलिसांकडे हात पसरावा लागला, हे विसरता कामा नये.

पासपोर्ट मात्र महायुद्धाचे अपत्य. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात पासपोर्ट देण्याची पद्धतच नव्हती. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली देशाबाहेर जायला आणि आत यायला तो सक्तीचा झाला. युद्ध संपले तरी पासपोर्ट राहिला, आणि १९२० मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये पहिली पाच प्रादेशिक कार्यालये उघडली, त्यांतली मुंबई आणि नागपूर ही दोन मराठी मुलुखात. त्याच्या आदल्याच वर्षी गायिका हिराबाई बडोदेकर भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आल्या होत्या.

तरीही पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होते. ती मर्जी मोडली १९६७ मध्ये. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी २४ जूनला आजचा पासपोर्ट कायदा आला. नाकारायचा तर कारण कायद्यात बसले पाहिजे, आणि अर्जदाराला अपील करता आले पाहिजे. माझ्या मते या साऱ्या कुळकथेतला सर्वांत मोलाचा क्षण हाच.

हक्क मिळाला, पण तो बजावायचा कागदांच्याच जोरावर. अहिल्यानगर जिल्ह्याचा अर्ज पुणे कार्यालयाकडे जातो आणि चौकशी गावच्या पोलीस ठाण्यातून होते. खरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि लग्न झालेल्या गायिकेचे माहेरचे एक, सासरचे दुसरे. त्यात रंगमंचावरचे नाव वेगळेच असू शकते. हिराबाईंचेही जन्मनाव चंपाकली होते. म्हणून शिबिराच्या आमंत्रणपत्रावर पासपोर्टवरचेच नाव अक्षरन् अक्षर हवे. शिकायला चाललोय की शिकवायला, मानधन आहे की नाही, राहण्याचा खर्च कोणाचा, हेही पत्रात स्वच्छ हवे. व्हिसाचा प्रकार त्यावरच ठरतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो. तो आखाती देशांसारख्या ठरावीक ठिकाणी नोकरीला जाताना आडवा येतो, त्यामुळे शिबिराला निघालेल्या लोककलावंताने त्याला घाबरू नये.

जन्मतारखेच्या पुराव्याचे नियमही बदलत आले. २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्वी जन्मदाखलाच लागे. २०१६ च्या डिसेंबरात शाळेचा दाखला, आधार, पॅन यांनाही मान्यता मिळाली. आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी पुन्हा एकच पुरावा उरला आहे, जन्मदाखला.

म्हणजे १ जूनची सोय त्यांच्यापुरती संपली. तालुक्यातल्या राजूरच्या बाजूला बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या उत्सवाच्या, रात्री सूर धरणाऱ्या घरात आज जन्मलेले लहानगे उद्या कुठल्या देशात गायला जाईल, ते सांगता येत नाही. जन्म घरी झाला असला, तरी २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करता येते, आणि तिला शुल्क लागत नाही. आशा सेविका, ग्रामपंचायत अधिकारी आणि घरच्यांनी मिळून हे एक काम वेळेत केले, तर १९६७ साली मिळालेला हक्क त्या लेकरापर्यंत खरोखर पोहोचेल.